दोन्ही कानांत सारखा वारा

या, टेका इथं. तिकडं ओलं आहे, इकडं सरका. तुम्हाला आमच्या टॅमसिनची आणि गसची गोष्ट सांगतो. गोड आहे. मी सांगतोय म्हणून नाही, आहेच गोड.

आमच्या फ्रँकलिन गावच्या हॉलात महिन्यातून एका रविवारी बाजार भरतो, जॅम, मोजे, सफरचंदं, असला. त्या जूनमधल्या रविवारी बेव्हआजीच्या जॅमशेजारी एक भलतंच टेबल लागलं होतं. वर स्क्रीन, हेडफोन, पुढ्यात रिकामी खुर्ची, आणि मागं स्टुलावर वही घेऊन टॅमसिन. सकाळपासून खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. एक कुत्रं तेवढं हुंगून गेलं.

ही टॅमसिन म्हणजे होड्या बांधणाऱ्या वेसची पोरगी. मेलबर्नला एका ऑफिसात मोबाइलवरचे खेळ बनवायची, फळाला फळ जुळवायचे. बाप गेला तशी परत आली, त्याच्या शेडमधे बसली आणि पाच वर्षं एकटीनं स्वतःचा खेळ बनवत राहिली. एक मुलगी, एक शिडाची होडी, बारा बेटं. कुठंही जा, कुठंही चढा, कुणी अडवत नाही. एक सप्टेंबरला तो लोकांपुढं जायचा होता. मेलबर्नवाल्यांनी तिची जागा अजून राखून ठेवली होती. खेळ चालला तर ती इथं राहणार, नाही चालला तर बापाच्या शेडला कुलूप. सरळ हिशोब.

बाहेर नैर्ऋत्येचा पाऊस तिरपा मारत होता. दार ढकलून गस आत आला. केसांत लाकडाचा भुसा, त्यावर पाणी, हातात शिंपल्यांचं गरम पॅटिस. नदीकाठच्या होड्यांच्या कारखान्यात कामाला, वर्षभरापूर्वीच गावात आलेला. बसायला जागा शोधली, एकच खुर्ची रिकामी दिसली, बसला की पठ्ठ्या!

टॅमसिननं मागून त्याच्या खांद्यावर टकटक केलं. "इथं बसायचं तर खेळावं लागेल."

"आणि पॅटिस?"

"आधी पॅटिस. हात पुसून मग खेळ."

"आईसारखी बोलतेस."

"एवढंच बोलणार आहे. एकदा सुरू केलंस की मी गप्प."

हा त्या धंद्यातला नियम, बरं का. समोरचा खेळत असताना बनवणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. तो अडकू दे, बुडू दे, शिव्या देऊ दे. खेळ घराघरांत गेल्यावर प्रत्येकाच्या मागं टॅमसिन थोडीच उभी राहणार?

गसनं सुरू केलं. आणि पोरगी गप्प म्हटल्यावर ह्याच्या जिभेला काय चेव आला!

"डावीकडं जाऊ? … नाही सांगणार? बरं, डावीकडं. … हे समुद्रपक्षी कुठं निघाले गं थव्यानं? यांच्या मागं गेलो तर जमीन लागेल? … आईशप्पत, लागली! … अरे, तू हसलीस. मागं न बघता कळलं मला."

टॅमसिननं ओठ दाबून धरले. वहीत लिहिलं – पक्षी कळले. आणि मग उगाचच, मानेवर भुसा आहे.

तासाभरानं त्यानं हेडफोन काढला. तिनं कागद पुढं केला. त्यावर तीनच प्रश्न. काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कमी वाटलं.

"तोंडी सांगू?"

"सांग. आता मला बोलता येतं."

"पाणी आवडलं. होडीच्या पोटाखाली थपथप वाजतं ना, तसलंच वाजतं, मला वाटलं मी कामावरच आहे. संध्याकाळचा उजेड आवडला. डोंगरावर चढून खाली बघितलं आणि… म्हणजे, दोन मिनिटं काही केलंच नाही मी. नुसता बघत बसलो."

टॅमसिनचे कान तापले.

"आता वाईट."

"हं."

"प्रत्येक बेटावर तेच दगडी राक्षस. तीन मारले, पुढच्या बेटावर पुन्हा तेच तीन! माझा बाप रोज उकडलेले बटाटे करायचा. बटाटा वाईट नव्हता गं… पण रोज?"

"मारामारी हवी म्हणतात लोक."

"हवी. पण तुला हवी आहे का? तुझं मन नाही त्यात, दिसतं ते. आणि कड्याजवळ गेलं की सगळं चित्र दगडात घुसतं. पण ते जाऊ दे. ती होडी… तुझी होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालते. शीड कधी असं चालतं का? वेसची पोरगी ना तू?"

तिनं कागद ओढून घेतला. "मला माहितीये शीड कसं चालतं! आधी बरोबरच होतं. तिरकं, नागमोडी, सगळं. मेलबर्नला तीस जणांना खेळायला दिलं, अठ्ठावीस जण पहिल्या खाडीतच उठून गेले. मग काढून टाकलं. आणखी काही?"

"नाही," गस म्हणाला. मग हळूच, "पॅटिस चांगलं होतं."

बेव्हआजी पलीकडून सगळं ऐकत होती. "राजा, पोरीला रडवलंस की काय?"

"खोटं बोलायला हवं होतं का?"

"नको. पण इतकं खरं एका दमात?"

चार दिवस टॅमसिन शेडमधे धुमसली. पाचव्या दिवशी चहाचे दोन मग घेऊन कारखान्यात हजर.

गस रंधा खाली ठेवून म्हणाला, "शिव्या द्यायला?"

"त्या देऊन झाल्या. घरीच, भिंतीला. आभार मानायला आले. पाच वर्षांत सगळे म्हणाले छान आहे, छान आहे, आणि मोबाइल बघायला लागले. तू पहिला, ज्यानं नीट बघितलं."

गसचं तोंड एवढंसं झालं. एरवी बडबड्या, पण कुणी आभार मानले की गडी लाजून पाणी पाणी.

"चल," म्हणाला, "होडीत बस."

नदी त्या दिवशी राखाडी होती, वारा बोचरा. त्यानं होडी मधोमध नेली आणि शीड सोडून दिलं. कापड फडफडत राहिलं.

"डोळे मीट. वारा कुठून आहे सांग."

"समोरून."

"नेमका कुठून?" त्यानं दोन बोटांनी तिची हनुवटी धरली, अगदी हलकेच, आणि जरा वळवली. "दोन्ही कानांत सारखा वाजला की नाक वाऱ्यावर. तिथं होडी मरते. आता… इतकीशी वळ. एका कानात जास्त वाजतोय?"

"डाव्या…"

"मग शीड भरणार."

बोटं हनुवटीवरच होती. काढायचं दोघांच्याही लक्षात येईना. मग टॅमसिननं खाडकन डोळे उघडले.

"माझे बाबा असंच शिकवायचे! अगदी हेच! मी… मी खेळात बाण दाखवत बसले, पाट्या लावत बसले. आणि लोकांच्या कानावर हेडफोन असतात, गस! दोन्ही कानांवर!"

"मग?"

"मग होडी वळव! मला घरी सोड!"

"आत्ता? आत्ता कुठं मी…"

"गस!"

सोडलं बिचाऱ्यानं.

पुढचे दोन महिने ती शेडमधे होती. होडी पुन्हा खरी केली, आणि वारा खेळणाऱ्याच्या कानांत भरला. दगडी राक्षस नऊ बेटांवरून हाकलले, तीन बेटांवर ठेवले, आणि तीन तऱ्हांचे. गस रोज काम संपवून यायचा, एक फेरी खेळायचा, टीका करायचा, सूप प्यायचा. ती मागं गप्प. सगळ्या गावाला कळत होतं काय चाललंय, त्यांनाच कळत नव्हतं.

ऑगस्टचा बाजार आला. पुन्हा तेच टेबल. ह्या वेळी खुर्चीत बसली कोण, तर बेव्हआजी! वय एक्काहत्तर, जन्मात असला खेळ हातात धरला नव्हता. टॅमसिनचा चेहरा पांढरा पडला. आजी अडकली तर होडीचा बेत फसला, आणि पुन्हा बदलायला दिवस उरले नव्हते.

आजी पहिल्या खाडीतच अडकली. नाक वाऱ्यावर, शीड फडफड, होडी जागच्या जागी.

"मेली ही होडी," आजी म्हणाली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. "बाळा, बिघडलंय गं हे."

टॅमसिन उठायला लागली. एक शब्द, फक्त एक शब्द सांगायचा होता तिला. गसनं तिचा हात धरला आणि खाली बसवलं. तिनं डोळे वटारले. त्यानं मान हलवली – नाही. दोघं एका बाकावर, आणि हात तसाच धरलेला.

आजीनं हळूहळू मान कलती केली. स्वतःची मान, खुर्चीत बसल्या बसल्या. मग दुसरीकडं कलती केली, आणि मानेबरोबर पडद्यावरची होडीही जराशी वळली.

"थांबा… हा वारा एका कानात आला माझ्या. डाव्या!" तिनं होडी आणखी थोडी वळवली. शीड टप्पकन भरलं. "अगं चालली! बघा लेकांनो, चालली! मला ऐकू येतंय!"

सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मोजेवालीसुद्धा. टॅमसिन रडत होती आणि हसत होती, आणि तोंड अजून बंद होतं, कारण आजी थांबायला तयारच नव्हती. जॅम घ्यायला आलेली माणसं तासभर तिष्ठत राहिली.

त्या दिवशी गसनंही कागद भरून दिला. घरी जाऊन तिनं वाचला. काय आवडलं – वारा. काय नाही आवडलं – सातव्या बेटावर एक बकरी हवेत चालते. काय कमी वाटलं, त्यापुढं लिहिलं होतं – बनवणारी नेहमी मागं बसते. शेजारी नाही.

दुसऱ्या दिवशी तो शेडच्या दारात टोपी चुरगाळत उभा. "कागद… वाचलास?"

"वाचला."

"मग?"

"सूचनेला आम्ही तोंडी उत्तर देत नाही. पुढच्या आवृत्तीत बघायचं."

"टॅम, अगं…"

"एक सप्टेंबरला ये."

काय दिवस काढले असतील पोरानं! एकदा तर सुकाणू उलटं बसवलं म्हणे.

एक सप्टेंबरला खेळ बाहेर पडला. गस सुट्टी काढून शेडमधे बसला, ती मागं स्टुलावर. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसऱ्या दुपारी त्यानं शेवटचं बेट गाठलं. तोवर लोकांची पत्रं यायला लागली होती. चित्र कड्यात घुसतं, मधली बेटं ओसाड आहेत, बकरी हवेत आहे. बरोबरच होतं ते, आजही आहे. पण त्याच लोकांनी पुढं लिहिलं होतं की असा समुद्र आम्ही बघितला नाही, खिडकीबाहेर वारा सुटला की आता आम्ही मान कलती करतो. मेलबर्नवाल्यांना ती सकाळीच नको म्हणून कळवून आली होती. गसला सांगितलं नव्हतं. खेळत होता ना तो.

पडद्यावर नावं वर सरकायला लागली. आभार. वेस, ज्यानं शिकवलं. बेव्ह, जी उठून गेली नाही. ते अठ्ठावीस जण, जे उठून गेले. मग काळोख झाला. गसला वाटलं, संपलं. त्याचं नाव नव्हतंच कुठं. तो हेडफोन काढणार, तेवढ्यात पुन्हा थपथप वाजलं. तीच होडी, तोच संध्याकाळचा उजेड. पण खेळभर जिच्यात एकच फळी होती बसायला, तिच्यात आता दोन होत्या, शेजारी शेजारी. आणि खाली बारीक अक्षरात – गस, सूचना मान्य.

तो गर्रकन मागं वळला. स्टूल रिकामं.

"इकडं," त्याच्या डाव्या कानाशी आवाज आला. ती शेजारी येऊन बसली होती. "सरक की जरा."

"आता बोलता येतं तुला?"

"आता खेळ संपला."

"मग बोल काहीतरी."

…बोलली नाही. पुढचं तुम्हाला मी कशाला सांगू.

बाकी माझं काही मागणं नाही तुमच्याकडं. फक्त असला कुणाचा एकट्यादुकट्यानं बनवलेला खेळ हातात आला, तर शेवटी नावं वर सरकताना बटण दाबून पळू नका. सरकू द्या सगळी. तेवढं करा माझ्यासाठी.