कमरेवरचा हात

"कोपर बाहेर! मान ताठ! अरे, बदकासारखं काय चालतोस? माझ्याकडे बघ, मी करते तसं कर!"

भागूबाई तलावाच्या काठावर आपल्या धाकट्या भावाला, टिल्लूला, समोर उभं करून टॉवर चढायला शिकवत होती. तेही फरशीवरच! टॉवर म्हणजे उंच उडीचा तो निळा मनोरा. त्याच्या लोखंडी जिन्यावर उजवा हात कठड्याला आणि डावा कमरेवर, अशा ऐटीत चढायचं, ही या सुट्टीतल्या शिबिराची खास ष्टाइल होती. पोहणं शिकवणारे शिट्टीसर तसेच चढायचे, म्हणून सगळी पोरंही तशीच चढायची.

"तू स्वतः कधी चढली आहेस का गं?" रेडिओनं विचारलं. हा मुलगा फक्त पाण्याखाली असतानाच काय तो गप्प असायचा.

"रोज बघते ना मी!"

"नुसतं बघून येत असतं, तर बाकावरचे टॉवेलसुद्धा पोहायला लागले असते!"

लंबू खो खो हसली. लंबू म्हणजे शिबिरातली सगळ्यात उंच मुलगी. भागूबाई मात्र हसली नाही. उद्या समारोप होता आणि सगळ्यांच्या आईबाबांसमोर प्रत्येकानं टॉवरवरून उडी मारायची होती. पोहायला तिला छान यायचं. पण त्या जिन्यापाशी गेली, की ती आल्या पावली मागे फिरायची. मग ती टॉवेल गुंडाळून बाकावर बसायची आणि इतरांना बघत राहायची. भागूबाई हे नाव तिला काही उगाच पडलं नव्हतं!

तेवढ्यात कुणीतरी मारलेला चेंडू वर प्रेक्षकांच्या गॅलरीत गेला. शिट्टीसर गॅलरीच्या लोखंडी जिन्यानं दोन्ही कठडे धरून धडाधड वर गेले, चेंडू खाली फेकला आणि तसेच उतरले. मग उद्याची उडी दाखवायला ते टॉवरकडे वळले. उजवा हात कठड्याला, डावा कमरेवर. भागूबाई बघत होती. वरच्या पायऱ्यांशी पोचल्यावर सरांनी अंग चोरलं. डाव्या हाताच्या मुठीत त्यांनी आपला शर्ट घट्ट आवळला होता.

दात काढायच्या खुर्चीत भागूबाई आपला फ्रॉक अगदी तसाच आवळायची!

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "सर घाबरतात."

"कोण? शिट्टीसर?" रेडिओ ओरडलाच. "ऊन लागलं का तुला?"

"शू! डाव्या कठड्याला घाबरतात ते. गॅलरीच्या जिन्यावर दोन्ही हात आणि इथे एकच, असं का? आणि लंबू, परवा तू डावा हात टेकवायला गेलीस, तेव्हा केवढ्यानं खेकसले होते तुझ्यावर!"

"हो गं!" लंबूचा चेहरा उतरला. "मला वाटलं, माझी ष्टाइल चुकली."

"मी विचारलं होतं त्यांना," रेडिओ म्हणाला. "तर म्हणाले, मी करतो तसं करायचं, फाटे फोडायचे नाहीत."

उद्या सगळं शिबिर त्या जिन्यानं चढणार होतं. मग आजच तो कठडा आपण तपासायचा, असं तिघांनी ठरवलं.

शिबिर सुटलं. घरचे न्यायला यायला अजून अवकाश होता. सर आणि तलावाचे मॅनेजरकाका ऑफिसात चहा पीत बसले होते. लंबू ऑफिसच्या दाराशी आणि रेडिओ फाटकाशी पहाऱ्याला उभा राहिला. टिल्लूला बिस्किटाचा पुडा देऊन बाकावर बसवलं.

"मी जातो की वर!" रेडिओ म्हणाला होता.

"सर नेमके कुठे दचकतात, ते मलाच माहीत आहे," असं भागूबाई बोलून गेली खरी. आता जिन्यावर मात्र तिला रडू फुटायचं बाकी होतं! एक पायरी. मग दुसरी. उजवा हात घामानं निसटत होता. 'खाली बघू नकोस, खाली बघू नकोस,' असं घोकत ती वर सरकली आणि सरांनी अंग चोरलं होतं तिथे थांबली.

डाव्या कठड्याचा रंग ताजा होता. तिनं त्याला नुसतं एक बोट लावलं.

कठडा बाहेर झुकला! रंगाचा पापुद्रा फुटला. आत बोल्टच नव्हता, रिकाम्या भोकातून एक बारीक तार ओवली होती. आणि त्या बाजूला खाली पाणी नव्हतं, फरशी होती. कशीबशी ती वरच्या फळीवर चढली आणि मटकन खाली बसली.

"ताई! बघ, मी पण आलो!"

तिनं वाकून खाली बघितलं. टिल्लू जिन्यावर होता! अर्ध्याच्याही वर! कोपर बाहेर, मान ताठ. पण त्याचा उजवा हात कमरेवर होता आणि डावा त्या कठड्यावर! मघाशी तो तिच्यासमोर उभा राहून शिकला होता ना! तिच्या डाव्या हाताच्या समोर त्यानं आपला उजवा हात ठेवला होता. आरशात दिसतं तसं, सगळं उलटं! आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

ओरडावं तर तो दचकणार. 'डावा हात काढ' म्हणावं, तर डावा कुठला नि उजवा कुठला, यात टिल्लूचा रोज घोळ! खाली उतरून धरावं, तर जिन्यावर दोघांना जागा नाही. अजून चार-पाच पायऱ्या आणि...

तो फक्त बघून करतो. मग बघूनच करू दे!

भागूबाई जिन्याच्या तोंडाशी सरकली. त्याच्याकडे तोंड करून तिनं डाव्या हातानं चांगला कठडा धरला आणि उजवा हात कमरेवर ठेवला. तोंड रडवेलं झालं होतं. पण टिल्लू नुसत्या हातांचीच नक्कल थोडीच करायचा? तिचं तोंड बघून तोही रडायला लागला असता. तिनं दात घट्ट आवळले आणि हसली. गाल दुखेपर्यंत हसली!

"टिल्लू, नवी ष्टाइल! मी करते तसं कर!"

टिल्लूनं वर बघितलं. तोही हसला. त्याचा डावा हात कठड्यावरून उठला... क्षणभर दोन्ही हात मोकळे! मग त्याचा उजवा हात चांगल्या कठड्यावर गेला आणि डावा कमरेवर.

"शाब्बास! आता पाऊल. हळू. अजून एक."

तो हाताशी आला, तसं तिनं त्याला दंडाला धरून वर ओढलं आणि पोटाशी घट्ट धरलं. मग मात्र ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "सर! धावा!"

सरांनी दोघांना एकेक करून खाली आणलं, तोवर फाटकातून सगळे आईबाबा आत आले होते. भागूबाईनं तुटक्या कठड्याचं सांगितलं, तशी तिची आई तर पांढरीफटक पडली.

"काही झालेलं नाही!" मॅनेजरकाका हात हलवत म्हणाले. "कालच रंग दिलाय, जिना ठणठणीत आहे. ही मुलगी मुळातच भित्री. हिचं काय मनावर घेता?"

भागूबाईनं आईचा पदर मुठीत घट्ट आवळला. तरी ती म्हणाली, "मग काका, तुम्हीच चढून दाखवा ना! मी बघून शिकते."

सगळे काकांकडे बघू लागले. काका घसा खाकरत जिन्याकडे गेले. धापा टाकत चढू लागले. चार पायऱ्या झाल्या, आणि त्यांचा डावा हात आपोआप कमरेवर गेला!

"आली, ष्टाइल आली!" रेडिओ किंचाळला. "काका, टेकवा की डावा हात कठड्यावर!"

काका तिथेच थिजले. कपाळावरून घाम ओघळला, पण हात काही कमरेवरून सुटेना. मग ते एकेक पायरी चाचपत खाली उतरले.

शिट्टीसरांनी गळ्यातली शिट्टी काढली. "बोल्ट तुटलाय, हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "मी यांना सांगितलं, तर म्हणाले समारोप झाल्यावर बघू. आणि मी गप्प बसलो. स्वतःपुरता हात सांभाळला. पोरं माझं बघून चढत होती..." त्यांनी तिथल्या तिथे जिन्याला दोर बांधून टॉवर बंद केला. मग ते भागूबाईपाशी आले. "इतकी वर्षं शिकवतोय मी, पण इतकं नीट बघणारी मुलगी मला अजून भेटली नव्हती. शाब्बास, पोरी!"

सगळ्या मोठ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. लंबूनं तिला मिठी मारली.

"खरं सांग," रेडिओ म्हणाला, "वर भीती नाही वाटली?"

"इतकी वाटली, इतकी वाटली, की..." भागूबाईला रडूच फुटलं.

"खोटं!" आईच्या कडेवरून टिल्लू ओरडला. "ताई तर हसत होती! मी बघितलं ना!"