मागच्या सीटवरचा दिवा

चांद्याकडच्या मूल या गावात भाड्याची मोटार एकच, लटारूची. तिच्यावर त्याचा एवढा जीव की त्याची बायको रंभा तिला उघड उघड सवत म्हणायची. सवतीत खोट एवढीच, की आतला छपराचा दिवा कधीचा निकामी झाला होता. आणि आता रंभाचे दिवस भरत आले होते. पहिलं लेकरू घरीच, जन्मल्या जन्मल्या गेलेलं. या खेपेला चांद्याच्या दवाखान्यातच यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"बाळंतिणीजवळचा दिवा पाच दिस इझू देत नाई आपन," रंभा म्हणाली, "अन् मले अंधाऱ्या गाडीत नेता का? दिवा बसवा, नाई तं मी आपली बैलगाडीनं जाईन."

बैलगाडीचं नाव निघाल्यावर लटारू चांद्याला, इतवारी कबाड्याकडे गेला.

इतवारीच्या भंगाराच्या आवारात एक मोडकी मोटार होती. पुढच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटला होता, पण मागच्या सीटकडे एकही कोंबडी फिरकत नव्हती. इतवारीनं तिच्या छपराचा दिवा काढला, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि हातातच धरून ठेवला.

"लपवत नाई, लटारूभाऊ. ह्या गाडीत एक बाई गेली. बाळंतपणाले नेऊन राह्यले होते. जंगलात गाडी बंद पडली. डायवरनं बॅटरी वाचवाले दिवा इझवला... अंधारात मांगची बाई गपच झाली. पोटातल्या लेकरासकट."

लटारूचा हात मागे आला. पण तसा दिवा दुसरीकडे मिळेना, आणि रंभाचा हट्ट डोळ्यांसमोर. त्यानं दिवा आणला, बसवला. रंभाला मात्र काही सांगितलं नाही.

कळा सुरू झाल्या त्या दिवस कलताना. रंभाला मागच्या सीटवर निजवून लटारू निघाला. जंगल लागलं तसा उजेड झपाट्यानं आटला. उघड्या खिडकीतून मोहाचा गोड, जड वास आत येत होता. आणि ऐन चढावर इंजिन आचके देऊन थांबलं. स्टार्टर नुसताच कण्हला.

चहूकडे चिडीचूप. आत तेवढा तो पिवळा दिवा.

बॅटरी उतरली की आधी दिवे बंद, हे ड्रायव्हरच्या हाताला शिकवावं लागत नाही. लटारूचा हात आपसूक बटणाकडे गेला, आणि मागून कोणीतरी मनगट धरलं. माठासारखा गार हात. काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

"राहू द्या..."

"बरं, रंभे, राहू देतो," म्हणत तो वळला. रंभा डोळे मिटून पडली होती. दोन्ही मुठींत पदर आवळलेला. हात सुजले म्हणून बांगड्या तिनं कधीच उतरवल्या होत्या.

लटारू इंजिन फिरवायचं हँडल घेऊन खाली उतरला. काचेतून आत बघायचं नाही, एवढंच मनाशी घोकत तो फिरवत राहिला, फिरवत राहिला... अखेर गाडी गुरगुरली. चांद्याला पोचल्यावर मुलगी झाली. ती अशी रडली की सगळा वॉर्ड जागा झाला. लटारू दाराआड तोंडावर शेला धरून हमसाहमशी रडला.

"त्या बाईले घरी सोडलं का?" रंभानं विचारलं.

"कोन्या बाईले?"

"जिच्या मांडीवर माह्यं डोक्सं होतं. रस्ताभर केसावरून हात फिरवून राह्यली होती... माय फिरवते तसा."

मग त्यानं सगळं सांगितलं. रंभा घाबरली नाही. तिचे डोळे भरून आले. "सुईनीचा मान तं द्याच लागते," ती म्हणाली.

पाचवीला ते घरी आले. लटारूनं नवं हिरवं लुगडं आणून मागच्या सीटवर ठेवलं, वरचा दिवा लावला, आणि दोघांनी हात जोडले.

सकाळी रंभा लेकीला घेऊन गाडीपाशी आली. लुगडं तिथंच होतं. फक्त पदराचा एक तुकडा कोणीतरी फाडून नेला होता, तान्ह्याच्या टोपड्यापुरता.

रंभानं लेकीला छातीशी घट्ट धरलं. "तिच्यापाशी... अजून हाय जी तिचं लेकरू," ती हळूच म्हणाली.

दिवा अजून जळतच होता. लटारूनं बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.