जोडी म्हणून दिलेले मासे

शेजारचं चष्म्याचं दुकान बंद होतं, म्हणून बाई शोभेच्या माशांच्या दुकानात शिरल्या. घ्यायचं काहीच नव्हतं. पण समोरच्या टाकीत दोन चपटे, चंदेरी एंजलफिश एकमेकांभोवती फिरत होते... त्या बघतच राहिल्या.

"जोडी आहे," मागून आवाज आला. दुकानदार ओले हात पुसत उभा होता.

"यातला नर कोणता?"

"तो, फुगीर कपाळाचा."

"म्हणजे ज्याला मिजास जास्त, तो नर."

"माशांत तसंच असतं. माणसांत... ओळख वाढल्याशिवाय कसं सांगणार?"

बाईंना हसू आलं. चष्मा राहिला बाजूला, आणि जोडी त्यांच्या तिसरीच्या वर्गात येऊन दाखल झाली.

थोड्याच दिवसांत माशांनी एक रुंद पान तोंडाने घासून स्वच्छ केलं आणि त्यावर राईएवढी अंडी ओळीने चिकटवली. मुलं श्वास रोखून बघत होती. तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरीफटक पडली.

"पहिलटकरीण आहे, चुकते कधी कधी," दुकानदाराने समजूत घातली.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. या वेळी बाईंनी अंडी घालतानाचे फोटो आणले होते. त्याने फोन हातात घेतला आणि फोटो मोठा करून पाहिला.

एंजलफिशमध्ये नर-मादी ओळखणं एरवी अंदाजपंचेच असतं. फुगीर कपाळ मादीचंही असू शकतं. पण अंडी घालायच्या वेळी पोटाखाली एक इवलीशी नळी बाहेर येते. नराची बारीक नि टोकदार, मादीची रुंद नि बोथट. फोटोत दोन्ही नळ्या बोथट होत्या.

सांगायला हवं होतं. पण बाई काउंटरवर कोपर टेकून त्याच्याकडे बघत होत्या, कपाळावर एक बट आली होती...

"मग आता काय करायचं?"

"पाणी... पाणी जरा कोमट ठेवून बघा. आणि पुढच्या गुरुवारी सांगा."

मग असे गुरुवार येतच गेले. एकदा दिवा बदलून बघा, एकदा टाकी खिडकीपासून लांब ठेवा. माशांचं बोलणं पाच मिनिटांत संपे. उरलेला तास कुठे जाई, ते दोघांनाही कळत नसे.

एका गुरुवारी मात्र बाईंचा चेहरा उतरलेला होता.

"परवा पुन्हा अंडी पांढरी पडली. वर्गातली एक मुलगी दोन दिवस डबा खात नाहीये. तिने काचेवर टकटक केली, म्हणून अंडी मेली असं वाटतंय तिला."

त्याच्या हातातली जाळी तशीच राहिली.

"बाई... त्या दोन्ही माद्या आहेत."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"फोटो दाखवलेत, तेव्हाच."

बाईंनी पर्स उचलली. "मला सांगून काय उपयोग? उद्या वर्गात येऊन तिला सांगा." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने फळ्यावर दोन नळ्या काढल्या. एक टोकदार, एक बोथट. "नर मिळाला नाही तर दोन माद्याही जोडी जमवतात," त्याने सावकाश सांगितलं. "पान घासतात, अंडी घालतात. पण नर नसेल तर पिल्लं होत नाहीत. टकटक केल्याने काही झालं नाही, बेटा. चूक माझी होती. मला आधीच कळलं होतं, पण मी सांगितलं नाही."

मुलीने डोळे पुसले. मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, "काका, आधीच कळलं होतं, तर सांगितलं का नाही?"

त्याने खडू खाली ठेवला. "सांगितलं असतं, तर तुमच्या बाई दुकानात यायच्या बंद झाल्या असत्या."

बाई रिकामं टेबल आवरू लागल्या.

"बाई, तुम्ही खरंच जायचं बंद केलं असतं?" मुलीने विचारलं.

"नसतं केलं," बाई टेबलाकडेच बघत म्हणाल्या. "दुसरं काहीतरी विचारायला गेले असते."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं डबे काढू लागली. तो दाराशी घुटमळला.

"रागावलात?"

"रागावलेय. मुलीला दोन दिवस रडवलंत." मग आवाज खाली आला. "रविवारी घरी या. आई म्हणते, महिनाभर मासे मासे ऐकतेय... आता तो मासेवाला एकदा दाखव."