चुलीजवळची जागा

यातला एक शब्द जरी खोटा असेल, तरी माझी चूल पुन्हा पेटू नये.

घर आमचं डिंगबोचे गावात. वैशाखातली संध्याकाळ होती. समोर ल्होत्से, पाठीशी आमा दब्लम, दोन्ही शिखरं ढगात बुडालेली.

माझा नवरा फुर्बा वाटाड्या, गिर्यारोहक पाहुण्यांना घेऊन ल्होत्सेवर चढला होता. घरचा माणूस वर असताना चुलीत मांस जळू द्यायचं नाही. त्या वासाने डोंगर कोपतो. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

दीर कामी मात्र काठमांडूत राहून चटावलेला. मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात त्याने याकचं मांस थेट निखाऱ्यांवर टाकलं. चरबी निखाऱ्यांत चरचरत होती.

"अरे मेल्या, चूल आहे ती! तुझा भाऊ वर आहे!"

"डोंगराला काय नाक असतं का, वहिनी?"

त्याच्या हनुवटीवरून तूप ओघळावं तशी चरबी ओघळत होती. शी! मला त्याच्याकडे बघवेना.

मी घाईघाईने धुपाची डहाळी पेटवली...

धुरालाही तोच करपट, कुजका वास.

चहाला तोच. माझ्या केसांना तोच.

बाहेर याकांच्या घंटा वाजत होत्या... एकदम थांबल्या.

मग दारात बूट आपटल्याचा आवाज आला. दोनदा. फुर्बा बर्फ झाडतो, अगदी तसा. पाठोपाठ त्याचा खोकला.

"दादा आला!" कामीने धावत जाऊन दार उघडलं...

कोणी नव्हतं.

मी मागे वळले. चुलीजवळच्या घरधन्याच्या जागेवरचा गालिचा दबला होता. कोणी बसल्यासारखा.

हात लावला... उबदार होता. बोटांना पिवळट, चिकट चरबी लागली. मी तिथेच ओकले.

रोज मी ती चरबी राखेने घासून काढायचे. सकाळी गालिचा पुन्हा चिकट. फुर्बा गेला, हेच मनाने घेतलं होतं.

आणि एका दुपारी तो आला. धडधाकट, स्वतःच्या पायांनी. मी रडतच धावले. पण तो उंबऱ्यातच थांबला, नाकाला बाही लावून.

"यांजी," तो हळूच म्हणाला, "माझ्या जागेवर कोणाला बसवलंयस?"

गालिचा आम्ही दूर नेऊन पुरला. जाळायची तर सोयच नव्हती, पुन्हा चरबीच जळली असती. चूल फोडून नवी बांधली, लामांकडून पूजा करून घेतली. तरी फुर्बा त्या जागेकडे पाठ करूनच जेवतो.

आत्ताही तो माझ्यासमोर बसून चहा पितोय.

आणि दारात कोणीतरी बूट आपटतंय...