गाडी लावून येते

ती बघ, दाराजवळ तंबूची पिशवी काढून ठेवली आहे. पण आधी उचलून बघ. हलकी लागते ना? आत तंबू नाही. तू फोनवर मागितलास तेव्हाच सांगायला हवं होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. बस अशी, काकांच्या टेबलाशी. दिवा लावते. शहराबाहेरची तळी, नद्या, कुठे उतरायचं, मुक्काम कुठे करायचा, सगळं सांगते, म्हणजे तुम्हा मैत्रिणींची सहल नीट आखता येईल. पण या भिंतीवरच्या नकाशातल्या तिसऱ्या तळ्याकडे जाऊ नका. का, ते सांगते.

तुझे काका पाणीखात्यात ड्राफ्ट्समन होते हे तुला ठाऊकच आहे. नकाशे काढताना त्यांचा एक नियम होता. ज्या वाटेने स्वतः चालून गेले ती सलग रेघेने काढायची, ऐकीव असेल ती ठिपक्यांनी. साहेब ओरडले, बढती अडली, पण पाऊल पडल्याशिवाय त्यांनी सलग रेघ ओढली नाही. पहिल्यांदा मला बघायला आमच्या घरी आले तेव्हा वहीत रस्ता ठिपक्यांनी काढून आणला होता, आणि परत गेल्यावर बसून सलग केला म्हणे. सासूबाई ही गोष्ट येईल त्याला सांगायच्या.

आम्हाला मूलबाळ नाही. सुट्टी मिळाली की दोघांनी तंबू घ्यायचा आणि पाण्याकाठी जायचं. गाडी मी चालवायची. आयुष्यभर लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं, पण माझं स्टिअरिंग कुणाच्या हातात दिलं नाही. ते मांडीवर नकाशा घेऊन बसायचे. पोचलो की ठरलेली पद्धत. पाण्यापर्यंत गाडी जात नाही, म्हणून त्यांना सामानासकट वर उतरवायचं आणि म्हणायचं, "तुम्ही पुढे व्हा, तंबू उभारा. मी गाडी लावून येते." सावली शोधून, गाडी लावून मी खाली उतरेपर्यंत तंबू उभा असायचा, आत दोन अंथरुणं, बाहेर दगडावर चहाचे दोन मग. सव्वीस वर्षं ते वाक्य म्हटलं. नंतर नंतर ते आपोआपच तोंडातून यायचं.

गेल्या वर्षी त्यांचा ताप डोक्यात गेला. अकरा दिवस शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तुझ्या आईला बाहेर बोलावून काय ते सांगितलं. ती मला काही बोलली नाही, पण बहिणीचा चेहरा वाचायला चष्मा लागत नाही. नर्स म्हणाली, "बोलत राहा त्यांच्याशी. ऐकू जातं म्हणतात."

काय बोलणार? घरच्या गप्पा दोन दिवसांत संपल्या. मग मी सहल आखायला घेतली. आधी पुलापलीकडचं तळं, मग नदीचं वळण, मग दुसरं तळं. कुठे किती दिवस, काय काय न्यायचं, सारं तपशिलात. आठव्या दिवशी खरी तळी संपली आणि मी मनानेच एक रचलं. "दुसऱ्या तळ्याच्या पुढे तिसरं आहे. कुणी जात नाही तिथे. वाटेत तीन वळणं. काठाला सपाट खडक आहे, शेजारी आडवं पडलेलं झाड. तंबूचं तोंड उगवतीला ठेवू…" फिनेलचा वास, सलाईनचे थेंब, बाहेर ट्रॉल्यांची खडखड. बोलता बोलता फिनेलचा वास जाऊन ओल्या मातीचा येऊ लागला. खूप शांत वाटत होतं. आणि मग सवयीने माझ्या तोंडून गेलं, "तुम्ही पुढे व्हा. मी गाडी लावून येते."

त्यांचे पाय हातात धरून तिथेच माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा तळवे गार होते, नुकते पाण्यातून काढावेत तसे. मी चोळत बसले.

अकराव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. घशाला कोरड पडली होती, शब्द फुटत नव्हता. मी कान जवळ नेला.

"गाडी… कुठे लावलीस?"

"काय म्हणता?"

"किती वेळ… तू आलीच नाहीस. म्हणून बघायला आलो."

डॉक्टरांनी तोंडात बोटं घातली. त्यांना बरं वाटल्यावर मी कशाला खोलात शिरतेय? माणूस घरी आला, मला आणखी काय हवं होतं? आठवडाभरात त्यांनी मोठा कागद मागितला. हाच तो. मी चहा घेऊन आले आणि बघतच राहिले. पूल, पहिलं तळं, नदीचं वळण, दुसरं तळं, आणि त्यापुढे तीन वळणं, सपाट खडक, आडवं झाड. ऐकलं असेल गुंगीत, असं मी मनाला समजावलं. पण अगं, रेघ सलग होती. शिवाय खडकामागे एक झरा काढला होता, बोटभर.

"हा झरा मी कुठे सांगितला होता?" मी विचारलं.

"तू कशी सांगशील?" ते हसून म्हणाले. "तू आली कुठे होतीस?"

मी माळ्यावर चढले. तंबूच्या पिशवीची चेन लावलेली होती आणि पिशवी रिकामी. खाली उतरले तर कागदावरून नजर न काढता ते म्हणाले, "तंबू उभाच ठेवून आलोय. जायला हवं. वारा सुटला तर…"

हे बघ, दिवा जरा इकडे घे. नकाशातल्या तंबूत दोन अंथरुणं आहेत. त्यांचं सलग, माझं ठिपक्यांचं. आपल्या फाटकापासून निघालेली ही दुसरी वाट माझी. तीही तेव्हा सगळी ठिपक्यांची होती. वर झाडाखाली हा चौकोन म्हणजे आमची गाडी. तोही ठिपक्यांचा.

मी चालढकल करत राहिले. कधी गाडीचं काम काढलं, कधी विद्यार्थ्यांची परीक्षा, कधी माझा खोकला. ते एकदाही रागावले नाहीत. "घाई नाही," म्हणायचे आणि सामानाची यादी पुढे लिहायचे. तळ्याची भीती नव्हती मला. तिथे नेलं तर ते माझ्याबरोबर परत येणार नाहीत, ही भीती होती. सहल लांबेल तेवढा माणूस राहील, असा माझा हिशेब. दोन महिने वेळ मारून नेली. आणि एका दुपारी शिकवणी संपवून वर आले तर ते याच खुर्चीत पाय पसरून बसले होते… गेलेले. पुढचं तू पाहिलंस. एकच गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्यांचे मोजे मी काढले तेव्हा आतून बारीक वाळू पडली. ती मी झाडून टाकली.

नकाशा मी काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावला. महिनाभर काही नव्हतं. मग एका सकाळी काच पुसताना दिसलं, फाटकापासून पुलापर्यंत माझे ठिपके जोडले गेले होते. त्यांच्याच हातची रेघ, शाई वाळलेली. कागद काचेआड, चौकट बंद. मी तर ड्रायव्हिंग शिकवायच्या मैदानापलीकडे कुठे गेले नव्हते. पुढच्या आठवड्यात रेघ पहिल्या तळ्याशी आली. मग नदीच्या वळणाशी.

सुरुवातीला डोळ्याला डोळा लागायचा नाही. तुझ्या आईकडे राहायला जावं असंही वाटलं. पण खरं सांगू? हळूहळू मी चहाच्या आधी नकाशा बघायला लागले. एखाद दिवशी रेघ पुढे सरकलेली नसली की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. ते तिथे दगडावर दोन मग मांडून बसले असतील. एकट्याने चहा प्यायला त्यांना कधी आवडलं नाही. आणि मी सव्वीस वर्षांत त्यांना एवढं ताटकळत ठेवलं नव्हतं.

तू अशी बघू नकोस. वेड लागलेलं नाही मला. तुला सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की तुझी आई घाबरेल आणि तू घाबरलीस तरी खरं बोलशील.

आज सकाळी रेघ तिसऱ्या तळ्याच्या वर, गाडीच्या झाडापर्यंत आली. आणि हा चौकोन… बोट लावून बघ. सलग झालाय. ठिपके आता एवढेच उरलेत, गाडीपासून तंबूपर्यंत. चालत पाच मिनिटांची वाट.

किल्ली तिथे खिळ्याला आहे, कालपासून मी हात लावलेला नाही. सकाळपासून खिडकीशीही गेले नाही, धीरच होईना. तू आत्ताच फाटकातून आलीस. आमची जागा तुला माहीत आहे, डावीकडून तिसरी. येताना तिथे गाडी दिसली का गं तुला?