आठ बोल्ट

ही गोष्ट खरी आहे.

एवढं एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. दुसऱ्यांनी रचलेल्या गोष्टी कपाटात नीट लावून ठेवल्या, स्वतः एकही रचली नाही. तेवढी अक्कलच नाही मला. म्हणून पुढचं पटलं नाही, तर दोष माझ्या लिहिण्याला द्या.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

मागच्या उन्हाळ्यातला रविवार. दुपारचे सव्वातीन. धाकट्याच्या घरामागची पत्र्याची शेड. बाहेर डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन.

धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ. वेल्डर होता. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि अंगाने दुप्पट.

त्या दुपारी त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं. भंगारवाल्याच्या आवारात त्याला एका जुन्या जीपचा सांगाडा मिळाला. आमच्या जन्माआधीची, डोंगराळ रस्त्यांवर चालणारी. वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत. बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. ती त्याने सहा वर्षं खपून उभी केली. आम्ही तिला म्हातारी म्हणायचो.

"दादा, तुझ्यापेक्षा हिचे सांधे बरे आहेत," तो म्हणायचा.

"मला कुणी ग्रीस लावत नाही रे," मी म्हणायचो. एवढाच काय तो माझा विनोद.

गाडीचं मूळ माहितीपुस्तक मी शोधून काढलं आणि मराठीत एका जाड वहीत उतरवलं. मग आमची कामाची एक रीतच पडली. दर रविवारी दुपारी मी स्टुलावर वही घेऊन बसायचो. एक पायरी वाचायचो. तो ती करायचा. पाना फिरायचा, टर्र... टर्र... टर्र... बोल्ट घट्ट बसला की तो पान्याने त्यावर एकदाच ठोकायचा.

टण्.

मग म्हणायचा, "हं दादा, पुढचं."

मला आयुष्यात एवढं महत्त्व दुसऱ्या कुणीच दिलं नाही.

गाडी तयार झाल्यावर त्याने एक गोष्ट केली, जी पुस्तकात नव्हती. जाड पाईप वाकवून दोन्ही सीटांवर पिंजरा बांधला. रोल केज म्हणतात त्याला. चार पाय, प्रत्येक पायाला दोन बोल्ट, असे आठ. पिंजऱ्यालाच दोन सीटबेल्ट.

"नुसता पिंजरा बसवला तर उलटताना डोकं पाईपवर आपटतं," त्याने मला समजावलं. "नुसता पट्टा बांधला तर माणूस गाडीखाली बांधलेलाच राहतो. दोन्ही हवेत. आणि पाय पत्र्यावर नाही टेकवायचे. पत्रा कागदासारखा फाटतो. खाली जाड प्लेट घालून थेट चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला. लिही हे वहीत."

मी लिहिलं. वहीत लिहिलेली शेवटची आठ पानं त्याची आहेत. अक्षर फक्त माझं.

माझ्या बाजूचा पट्टा त्याने माझ्या मापाने आखूड केला होता. बांधताना दरवेळी हसायचा. "दादा, तुला बांधायला नाडीसुद्धा पुरेल."

मग जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचं पत्र आलं. स्वतःच्या चाकांवर चालत यायचं, आणि गाडी जितकी मूळ रूपात तितके गुण जास्त.

इथे माझं हस्ताक्षर बिघडतं. क्षमा करा.

मी म्हणालो, "पिंजरा काढ."

तो थांबला. हातातलं फडकं खाली ठेवलं.

"जुन्या पुस्तकाची पहिली आवृत्ती असली," मी म्हणालो, "तर तिच्यात कुणी पेनने सुधारणा करत नाही. मग ती चूक असली तरी."

मी तेव्हा फार शहाण्यासारखं बोललो असं मला वाटलं होतं.

"पुस्तक उलटत नाही, दादा," तो म्हणाला.

पण माझा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. आठ बोल्ट काढले. बिस्किटांच्या डब्यात ठेवले. पिंजरा, पट्ट्यांसकट, शेडच्या भिंतीवर टांगला.

आम्हाला पहिला क्रमांक मिळाला. परत निघताना त्याने विचारलं, "फोन करून टेम्पोतून पिंजरा मागवू? इथेच चढवतो."

मी म्हणालो, "तासाभराचा तर रस्ता. उगाच कशाला?"

खाणीजवळच्या उतारावर एक चाक दगडावर चढलं. वेग काहीच नव्हता. माणूस चालतो तेवढा. गाडी त्याच्या बाजूला कलली... सावकाश, झोपलेलं मूल कुशीवर वळावं तशी. मी वरच्या बाजूला होतो, काचेची चौकट धरून लोंबकळलो. तो आधी घसरला. मग गाडी आली.

माझ्या खांद्याचं हाड मोडलं. तेवढंच.

लोकांनी विचारलं, पिंजरा का काढला होता? भावजयीने विचारलं. दवाखान्यात, घरी, वर्षभर विचारत राहिली.

मी म्हणालो, "त्याच्या मनात आलं असेल."

चार शब्द. मी ते कितीदा मोजले आहेत.

भावजयीने त्याचा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवला. "बक्षिसाच्या कपापायी स्वतःच्या हाताने मरण ओढवून घेतलं," म्हणाली, आणि नंतर त्याचं नाव घेणंच सोडलं. त्याची मुलगी मात्र बापाच्या बाजूने भांडायची. तो तिला ठिणगी म्हणायचा. आता ती वीजजोडणीची कामं करते. बापासारखेच रुंद हात.

मागच्या उन्हाळ्यात ती मला म्हणाली, "काका, म्हातारी दुरुस्त केली मी. पुढच्या रविवारी प्रदर्शनाला नेते."

मी भिंतीकडे पाहिलं. "आणि पिंजरा?"

"नाही. बाबांनी जशी ठेवली तशीच न्यायची. त्यांची शेवटची इच्छा होती ती. आई काहीही म्हणो."

मला तेव्हाच बोलता आलं असतं. तोंड उघडलं होतं मी.

"जपून चालव," म्हणालो.

तिने जाता जाता वही मागितली. मी ती शेडमध्येच, बाकाच्या खणात ठेवली होती. प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या दुपारी, मी वही आणायला गेलो. मायलेकी घरात झोपल्या होत्या. शेडला कुलूप होतं. वहीसाठी ठिणगीने दिलेली एकुलती किल्ली माझ्या खिशात.

कुलपाला हात लावला, आणि आतून...

टर्र... टर्र... टर्र...

मी कान पुसला. डाव्या कानाने मला नीट ऐकू येत नाही. पण आवाज उजव्या बाजूने येत होता.

टण्.

मग शांतता.

मला पळून जायला हवं होतं. भित्रा माणूस आहे मी, पाल दिसली तरी खोली बदलतो. पण त्या शांततेचा अर्थ जगात मला एकट्यालाच कळत होता.

पुढची पायरी वाचायची वेळ झाली होती.

मी कुलूप काढलं.

आत कुणी नव्हतं. म्हातारी मधोमध उभी. पिंजरा भिंतीवर, कोळ्याच्या जाळ्यांसकट. पण बाकावर...

बिस्किटांचा डबा उघडा होता. फडक्यावर आठ बोल्ट दोन दोनच्या जोड्यांनी मांडलेले. त्यांना ताजं तेल लावलेलं.

स्टूल गाडीजवळ होतं. माझ्या नेहमीच्या जागी.

कदाचित मीच कधीतरी मांडून विसरलो असेन. या वयात होतं असं. मी स्वतःला हेच सांगत खणातली वही काढली, स्टुलावर बसलो आणि त्याची आठ पानं वाचायला लागलो.

"पुढचा डावा पाय. खाली जाड प्लेट. बोल्ट आधी हाताने फिरवणे, मग पाना."

टर्र... टर्र...

टण्.

बाकावरचे बोल्ट जागचे हलले नव्हते. पिंजरा भिंतीवरच. आवाज मात्र गाडीखालून येत होता, आणि जुन्या तेलाचा, तापलेल्या लोखंडाचा वास. त्याच्या शर्टाचा वास.

मी वाचत गेलो. तो घाई करत नव्हता. मी अडखळलो की थांबायचा, पूर्वी थांबायचा तसा. मला भीती वाटायची थांबली होती, हे सांगायला लाज वाटते. तीन वर्षांत पहिल्यांदा माझा कुणाला तरी उपयोग होत होता.

"पट्टे. दादाच्या बाजूचा आखूड."

...खट्. बकल बसल्याचा आवाज.

वही संपली. मी ती मिटली.

टण्.

"संपलं रे," मी म्हणालो.

टण्.

"नाही पुढे काही. इथपर्यंतच लिहिलंय."

टण्... या वेळी माझ्या स्टुलाच्या पायाशी. पायातून हाडापर्यंत गेला तो आवाज.

मी कोरं पान उघडलं. पुढची पायरी मला माहीत होती. ती मी लिहिली नव्हती, इतकंच.

"पिंजरा दादाने काढायला लावला," मी मोठ्याने वाचलं. कोऱ्या पानावरून. "धाकट्याला काढायचा नव्हता. येताना तो परत चढवणार होता. दादाने नको म्हटलं."

काहीच वाजलं नाही.

"काय म्हणालात, काका?"

ठिणगी दारात उभी होती. पाठीमागे ऊन, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. ती कधीपासून उभी होती, कोण जाणे.

अजूनही मला "काही नाही" म्हणता आलं असतं. जीभ त्या शब्दांपर्यंत गेलीही. पण गाडीखाली कुणीतरी श्वास रोखून पडलं होतं... हे मी शपथेवर सांगतो.

मी तिला सगळं पुन्हा सांगितलं. पहिल्या आवृत्तीसकट.

ती आत आली. गाडीच्या बोनेटवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे बाबांना ती अशी नको होती," म्हणाली.

"नाही."

"आणि मी मुद्दाम अशीच नेणार होते. त्यांच्यासाठी."

"हो."

"आईला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मी सांगितलं. भावजय चहा गाळत होती. गाळणी हातात तशीच राहिली.

"दादा," ती म्हणाली, "तीन वर्षं मी त्यांच्यावर रागावून जेवले हो."

गाळणी ठेवून ती आत गेली. संध्याकाळी कपाट उघडल्याचा आवाज आला. फोटो परत भिंतीवर लागला होता. मी तिथून निघालो तेव्हा ती पदराने त्याची काच पुसत होती, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी ठिणगीने पिंजरा चढवला. मला तिने बोलावलं नव्हतं. मी दाराबाहेर उभा होतो. पहिला बोल्ट घातला आणि ती थांबली.

"चासीची भोकं तुम्ही साफ केलीत?"

मला साधा दिवा बदलता येत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

तीन वर्षांचा गंज हवा होता तिथे. आठही बोल्ट लोण्यात जावेत तसे नुसत्या हाताने आत गेले. आणि डाव्या सीटचा पट्टा... पिंजऱ्यावर जळमटं होती, सगळीकडे धूळ होती, पण तो पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ. बकल लावलेलं. ठिणगीने तो सोडवून माझ्यासमोर धरला. एवढा आखूड, की मूल बसावं आत.

किंवा मी.

ती प्रदर्शनात पिंजऱ्यासकट गेली. क्रमांक आला नाही. येताना खाणीजवळच्या उतारावर काही झालं का, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. घरी येऊन तिने पट्टा सोडला, तेव्हा तिच्या खांद्यावर त्याचा लाल वळ होता, कुणीतरी गच्च धरून ठेवल्यासारखा. आणि गाडीच्या एका बाजूचा रंग खरवडला होता. पिंजऱ्याचाही.

ती माझ्याशी बोलते. कामापुरतं. काका म्हणते अजून, हे पुष्कळ झालं.

यातलं किती माझ्या कानांनी ऐकलं आणि किती माझ्या पापाने, मला ठरवता येत नाही. वाचकांपैकी कुणाला कळलं तर मलाही सांगावं.

एवढं मात्र आहे. किल्ली आता ठिणगीकडे असते. तरी दर रविवारी दुपारी मी शेडच्या बाहेर, पत्र्याला पाठ लावून बसतो. मांडीवर वही. बहुतेक रविवारी काही होत नाही.

कधीतरी होतं.

आतून एकदाच... टण्.

मग तो थांबतो. वाट बघतो.

मी पानं उलटत राहतो. पुढचं काही लिहिलेलं नाही, आणि तसं त्याला सांगायला माझी जीभ उचलत नाही.