मुका पुरावा

कालिंदीच्या लहानपणी भिंतींना कान असत ते फक्त म्हणीत. आता ते खरोखरच आले होते. घर रंगवताना लोक 'स्मृतिलेप' लावत. बोलण्याने हवा थरथरते, त्या थरथरीने लेपातले बारीक कण जागा बदलतात आणि तसेच राहतात; त्यांच्यावर खास प्रकाश टाकला की जुनं बोलणं पुन्हा ऐकू येतं. चोर पकडण्यासाठी आलेली ही सोय हळूहळू कुटुंब न्यायालयात पोचली. घटस्फोट मागणाऱ्यांच्या भिंती भर कोर्टात वाजवत, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं त्यातली वाक्यं म्हणत फिरत.

कालिंदी चौबळ उतारवयात घटस्फोट मागत होती. तिची तक्रार एवढीच, की त्यांची लेक मीरा वारल्यापासून दिगंबर तिच्याशी एक शब्द बोललेला नाही. ते सिद्ध करायचं तर पेणच्या त्यांच्या घराच्या भिंती वाजवाव्या लागणार होत्या. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत तिचं मीराशी बोलणं होतं, मीरा गेल्यावरही चालू राहिलेलं. वाल सोलताना, भाकरी थापताना, रोजचं.

"ते चारचौघांत वाजायचं असेल, तर नको मला सुटका," ती डॉ. रेशमा तडवीला म्हणाली. "ह्यांच्या अबोल्यात काढीन उरलेले दिवस."

दोघी मुद्दाम अंगणात बसल्या होत्या. तिथे भिंत नव्हती. रेशमा गणिताची. न्यायालयाने एका नव्या पद्धतीची चाचणी तिच्यावर सोपवली होती.

"काकू, भिंत न वाजवता सिद्ध करता येईल. आतलं काही सांगायचं नाही, फक्त म्हणणं खरं आहे एवढं पटवायचं. याला आम्ही मुका पुरावा म्हणतो."

"न सांगता कसं पटेल? काहीतरीच तुझं."

"दोन वाट्यांत मसाला आणा. एकीत यंदाचा, एकीत गेल्या वर्षीचा. कुठला कशात ते मला सांगू नका."

वाट्या आल्या. रेशमाला दोन्ही सारख्याच वाटल्या. तिने त्या पाठीमागे नेल्या, कधी अदलाबदल केली, कधी नाही, आणि पुढे धरून विचारलं, "बदलल्या?" कालिंदीने वास घेऊन दर वेळी अचूक सांगितलं.

"एकदोनदा अंदाजाने जमलं असतं, इतक्यांदा नाही," रेशमा म्हणाली. "तुम्हाला फरक कळतो, हे मला पटलं. पण जुना मसाला कुठला, ते मला अजूनही माहीत नाही."

कालिंदी हसली. "अगं, आमच्या घराण्यात हेच चालतं. मसाल्याचं प्रमाण सासू सुनेलाही सांगत नाही. जेवायला घालते. बोटं चाटलीस ना, मग झालं."

"अगदी तसंच. यंत्र भिंतीला असेच पुन्हा पुन्हा प्रश्न विचारतं. बाहेर येतं ते फक्त 'खरं' किंवा 'खोटं'."

सुनावणीला नेहमीप्रमाणे ऐकायला गर्दी जमली. यंत्राने काम केलं आणि पडद्यावर एकच शब्द उमटला: खरं. गर्दीचा हिरमोड झाला. पण मागच्या बाकांवर आपापल्या तारखेची वाट पाहणाऱ्या बायका होत्या. त्यांतल्या एकीने टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

तेवढ्यात दिगंबरचा वकील उठला. "माझ्या अशिलाचाही मुका पुरावा आहे. माळ्यावरच्या खोलीत ते एकटेच बोलत असत, त्या भिंतीचा. त्यांचं म्हणणं, पत्नीशी बोलणं थांबवलं ते तिच्याच भल्यासाठी."

पडद्यावर पुन्हा उमटलं: खरं.

कालिंदी बाकावरून उठून उभी राहिली.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "कारण ऐकायचं असेल, तर भिंती उघडता येतील. पण उघडायच्या तर दोघांच्याही."

कालिंदीने नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता. मग तिला स्वयंपाकघर आठवलं.

"राहू दे मिटलेलं," ती खणखणीत म्हणाली.

घटस्फोट मिळाला. यापुढे कुणाचीही भिंत कोर्टात वाजवायची नाही, असंही न्यायालयाने ठरवून टाकलं. बाहेर बायकांनी तिला गराडा घातला. कुणी पाया पडलं, कुणी पेढा भरवला.

"काकू, जिंकलात," रेशमा म्हणाली.

"जिंकले गं," कालिंदी म्हणाली, आणि ते मनापासून होतं.

दिगंबर जिना उतरत शेजारी आला. "पायरी मोडकी आहे. जपून."

इतक्या वर्षांनी ऐकलेला तो आवाज. ती थबकली. "का हो? काय कारण होतं?"

तो मान हलवून म्हणाला, "खरं आहे म्हणून सिद्ध झालंय ना? मग आता सांगायचं काय उरलं?"